दादाचा उजवा कान

बारकी बावन्न वर्षांची झाली तरी सगळे तिला बारकीच म्हणायचे. उंची पाच फुटांच्या अलीकडे अडली होती, आणि थोरल्या भावानं लहानपणी ठेवलेलं नाव असं चिकटलं की खरं नाव फक्त बँकेच्या पासबुकात उरलं. एका चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून ती काचा घासायची. काच फिरत्या चाकाला लावायची, वरून पाण्याची बारीक धार सोडायची, आणि चाकाचा आवाज जरासा बदलला की समजायची, आता थांबायला हवं. मालक गिऱ्हाइकांना सांगायचे, "हिचे डोळे गेले तरी चालेल मला, कान जाता कामा नयेत."

हे कान तयार केले होते दादानं.

दादा लिफ्टचा मेकॅनिक. तिच्याहून पाच वर्षांनी मोठा. पहिल्या पगारात घरी काहीतरी उपयोगाचं येईल म्हणून आई वाट बघत बसली होती, आणि हा बहाद्दर जुना रेकॉर्ड प्लेअर आणि एक रेकॉर्ड घेऊन आला. वेष्टनावर एक शिडी होती, कशालाच न टेकलेली, नुसती उभी. आत चार लांब केसांचे बाप्ये. गाण्यातलं अक्षरही दोघांना कळत नव्हतं. पण गिटारचा पहिला सूर खोलीत आला तेव्हा चौदा वर्षांची बारकी जेवता जेवता थांबली, आणि तिच्या हातातला घास तसाच राहिला. आई म्हणाली, "कुणी ओरडतंय का रस्त्यात?" दादा म्हणाला, "आई, हे गाणं आहे." आई म्हणाली, "मग दार लाव. लोक काय म्हणतील!"

वादकांची नावं धड उच्चारता येईनात, म्हणून बहीणभावांनी आपली नावं ठेवली. शिडीवाल्या रेकॉर्डवरचा गिटारवाला उंच, शिडशिडीत, स्टेजवर जागचा हलायचा नाही. तो खांब्या. दुसऱ्या एका बँडचा गिटारवाला होता, तो आधी सुतारकाम करायचा आणि म्हणे स्वतःची गिटार स्वतःच बनवायचा. तो सुतार. दादा खांब्याच्या पक्षाचा, बारकी सुताराच्या. हे भांडण पस्तीस वर्षांहून जास्त चाललं. दादाचं लग्न झालं, मुलगी झाली, ती मोठी होऊन परदेशी गेली, बारकीचं लग्नाचं राहून गेलं, रेकॉर्डी जाऊन कॅसेटी आल्या, त्याही गेल्या, पण भांडण होतं तिथंच राहिलं. दर रविवारी ती दादाकडे जायची आणि चहा निवायच्या आत सुरुवात व्हायची.

"खांब्या एक सूर धरतो आणि त्या एकातच माणसाला गार करतो," दादा म्हणायचा. "तुझा सुतार म्हणजे नुसता रंधा. सर्र सर्र, सर्र सर्र."

"रंधा मारायलाही हातात काहीतरी लागतं. तुझ्या खांब्याला पुढचा सूर आठवत नाही, म्हणून तो आधीचा धरून बसतो."

"अगं, आठवत नाही नव्हे, तो थांबतो! थांबायला अक्कल लागते."

वहिनी स्वयंपाकघरातून म्हणायची, "दोघांचेही कान एकदा तपासून आणा. तुझ्या दुकानात कानांनाही घरचा डिस्काउंट मिळतो का बघ, बारकी."

शिडीवालीनंतरची पिवळ्या वेष्टनाची रेकॉर्ड, 'पिवळी', अर्धी फसलेली होती, हे सगळ्या जगाला मान्य होतं, दादाला नव्हतं. तिची दुसरी बाजू तो हट्टानं लावायचा आणि आपणच मधे जांभई द्यायचा. आणि सगळ्यांत लाडकी होती ती दोन रेकॉर्डींची 'लाइव्ह', चालू कार्यक्रमात टिपलेली. तिच्यात तिसऱ्या गाण्याच्या आधी, अगदी शांत झालेल्या गर्दीत, कुणीतरी एकदाच खोकतं. तो खोकला यायच्या क्षणभर आधी दादा बोट वर करायचा. कधी चुकला नाही.

तीन कार्यक्रम त्यांनी एकत्र पाहिले. पहिला फुटबॉलच्या मैदानावर, भर दुपारी. दादा कामावरून थेट आला होता, हातात पान्यांची लोखंडी पेटी घेऊन. गर्दीत बारकीला पुढच्यांच्या पाठींशिवाय काही दिसेना, तेव्हा दादानं ती पेटी खाली ठेवली आणि म्हणाला, "चढ." दोन तास ती त्या पेटीवर उभी होती आणि दादानं तिच्या कमरेचा पट्टा मागून धरला होता. खांब्याच्या सगळ्यांत लांब वादनाच्या मधोमध जनरेटर बंद पडला. स्टेजवर ढोल तेवढा वाजत राहिला. गिटार मुकी झाली. आणि मग मैदानातल्या लोकांनी, शब्द नव्हतेच म्हणून, तोंडानं ते वादन पुढे गायला सुरुवात केली. हजारो माणसं, एकेक सूर पाठ. खांब्या गिटार गळ्यात घालून तसाच उभा राहिला आणि ऐकत राहिला. दादा तर असा गळा काढून गात होता की पुढे चार दिवस त्याला बोलता आलं नाही. घरी खुणांनी पाणी मागायचा, आणि बारकी मुद्दाम मीठ आणून द्यायची.

गेल्या वर्षी एका सकाळी दादा कामावर निघाला होता. बुटाची नाडी हातात धरून तो स्टुलावर बसला आणि बसूनच राहिला. नाडीकडे असा बघत होता, जणू ती कुणी दुसऱ्यानंच त्याच्या हातात दिली आहे. वहिनीनं विचारलं, "काय झालं हो?" तो म्हणाला, "नंतर." मग एका अंगावर कलंडला.

तीन आठवडे हॉस्पिटलात काढून घरी आला तेव्हा उजवा हात छातीशी दुमडलेला, मूठ आवळलेली, उजवा पाय फरफटत. चालायला काठी घेऊन थोडंफार जमू लागलं. वाचा मात्र गेली होती. सगळी नाही. एक शब्द राहिला होता, त्या सकाळचा. पाणी हवं तरी "नंतर", खिडकी लावायची तरी "नंतर", मुलगी फोनवर रडली तरी "नंतर". चढ्या आवाजात, हळू, विनवून, चिडून. शब्द तोच.

बोलण्याचा सराव करून घ्यायला आठवड्यातून दोनदा एक थेरपिस्ट बाई यायच्या. तरुण, शांत स्वभावाच्या. जाता जाता एकदा म्हणाल्या, "त्यांच्या आवडीची गाणी ऐकवून बघा. ओळखीच्या सुरांबरोबर कधीकधी शब्द परत येतात. कधीकधी, हं."

बारकीनं ते 'कधीकधी' सोडून बाकीचं सगळं ऐकलं.

दुकानाची साप्ताहिक सुट्टी बुधवारी. आता ती रविवारी आणि बुधवारी जायला लागली. कपाटातल्या रेकॉर्डींवरची धूळ पुसली, सुई नवी आणून बसवली. दादाला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, उशा लावल्या.

"दादा, शिडीवाली लावू?"

"नंतर."

"शिडीवालीनंतरची? म्हणजे पिवळी? आजारपणातही तुझी हौस काही जात नाही!" बारकी हसली आणि तिनं पिवळी लावली.

"नंतर," दादा म्हणाला. "नंतर. नंतर!"

तिनं त्यानंतरची लावली. मग त्याच्याही नंतरची. दादा डाव्या हातानं खुर्चीच्या दांड्यावर थापा मारायला लागला. बारकीला वाटलं, ताल धरतोय. तिनं आवाज वाढवला. खांब्यानं तो त्याचा लांब सूर धरला आणि दादाच्या डोळ्यांतून पाणी आलं, तेव्हा तिचा ऊर भरून आला. घरी जाताना ती अख्खा रस्ता स्वतःशी हसत गेली.

चार-पाच आठवड्यांनी वहिनीनं तिला स्वयंपाकघरात बोलावलं आणि दार लोटलं.

"बारकी, राग मानू नकोस. त्यांना ते आवडत नाहीये."

"काय?"

"गाणी. तू गेल्यावर संध्याकाळभर ते जेवत नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडतात."

"वहिनी, पस्तीस वर्षं ऐकतोय तो हे. आता न आवडायला काय झालं?"

"पस्तीस वर्षं ते स्वतःच्या हातानं बूटही घालत होते," वहिनी म्हणाली.

बारकीला ते फार लागलं. या बाईला लग्न होऊन आली तेव्हा ढोल आणि गिटार यांतला फरक कळत नव्हता, आणि ही मला सांगणार, माझ्या भावाला काय आवडतं! तिनं कपबशी जरा आपटूनच ठेवली.

तरी किडा डोक्यात शिरला होता. पुढच्या बुधवारी तिनं दादाला सरळ विचारलं, "तुला ऐकायचंय का नाही? मान हलव." त्यानं मान होकारार्थी हलवली. तिनं खात्री करून घ्यायला विचारलं, "बंद करू?" त्यानं पुन्हा तशीच हलवली. मग तिनं दुकानातली रीत काढली. डॉक्टर गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे काचा बदलत विचारतात, हे बरं की हे? तिनं शिडीवाली आणि रिकामी कोरी पाटी अशा दोन गोष्टी त्याच्यापुढे धरल्या. गाणं हवं असेल तर ही, नको असेल तर ही. दादानं शिडीवालीवर बोट ठेवलं. बारकीचा जीव भांड्यात पडला. मग सहज म्हणून तिनं हातांची अदलाबदल केली, आणि दादानं पाटीवर बोट ठेवलं. तिनं पुन्हा बदललं. तो दरवेळी आपल्या डावीकडे जे असेल त्यावर बोट ठेवत होता.

थेरपिस्ट बाईंना तिनं दारातच गाठलं. त्या म्हणाल्या, "मान हलवण्यावर सध्या विसंबू नका. हो आणि नाही, दोन्हींची त्यांच्यात अदलाबदल होते. ऐकू त्यांना नक्की येतं. पण ते कसं ऐकू येतं, ते मी सांगू शकत नाही. ते फक्त तेच सांगू शकतील."

"आणि त्याला तर सांगता येत नाही."

"हो," बाई म्हणाल्या.

अशात खांब्याच्या कार्यक्रमाची तारीख आली. शेवटचा दौरा होता. म्हातारा सत्तरी ओलांडून गेला होता. दादानं आजारी पडायच्या आधीच दोन तिकिटं काढून फ्रिजवर चुंबकाखाली लावून ठेवली होती, आणि त्यांना हात लावायचं धाडस घरात कुणालाच झालं नव्हतं.

"न्यायचं नाही," वहिनी म्हणाली.

"वहिनी, हा शेवटचा आहे. पुन्हा नाही येणार तो. दादा बरा झाला आणि त्यानं विचारलं, मला का नाही नेलंस, तर मी काय तोंड दाखवू?"

'बरा झाला तर' या शब्दांपुढे वहिनीचं काही चालेना. चुंबकाखालून तिकिटं काढून तिनं बारकीच्या हातात दिली. मग म्हणाली, "फोन चालू ठेव. आणि तब्येत जराशी वेगळी वाटली तर लगेच परत." त्या दिवशी दुपारी तिनंच दादाला खांब्याच्या बँडचा काळा टी-शर्ट घातला. आधी उजवा हात बाहीत, मग डोकं, मग डावा. केसही नीट विंचरले. दादा तिच्याकडे बघून म्हणाला, "नंतर," आणि ती म्हणाली, "हो, या जाऊन."

चाकाची खुर्ची भाड्यानं आणली होती. कार्यक्रम बंदिस्त स्टेडियमात होता आणि चाकाच्या खुर्च्यांसाठी एका बाजूला उंच चौथरा केला होता, त्यामुळे आयुष्यात पहिल्यांदाच बारकीला कशावरही न चढता सगळं दिसत होतं. शेजारी एक टकला माणूस होता, त्यानं दादाचा टी-शर्ट ओळखला. किती जुन्या दौऱ्याचा! "काका, मानलं तुम्हाला!" असं म्हणून त्यानं दादाचा डावा हात हातात घेऊन हलवला. बारकीला भरून आलं. आपण केलं ते बरोबरच केलं, असं तिला वाटलं. दिवे गेले. एवढा आरडाओरडा झाला की पायाखालच्या फळ्या थरथरल्या, आणि खांब्या आला.

वाळून काटकी झाला होता, पण जागच्या जागीच उभा. पहिला सूर आला आणि बारकी चौदा वर्षांची झाली.

पुढे कित्येक महिने तिला खात राहिलं ते हेच, की पहिलं गाणं संपेपर्यंत ती स्टेजकडे बघत होती. दादाकडे नव्हती बघत. दुसरं शिडीवालीतलं होतं. त्यात तो लांब सूर आला, आणि 'बघ, थांबलाय तुझा खांब्या' असं त्याला म्हणायला ती वळली.

दादानं डावा हात डाव्या कानावर दाबला होता. मग तो हात डोक्यावरून नेऊन त्यानं उजव्या कानावर दाबला. मग पुन्हा डाव्या. पुन्हा उजव्या. उजवा हात मुठीसकट छातीशी धडपडत होता, वर काही येत नव्हता. एक कान झाकला की दुसरा उघडा पडत होता. तोंड उघडं होतं आणि ओठ एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते. तो ऐकू येण्याची सोयच नव्हती.

बारकी खुर्चीमागे धावली आणि तिनं दोन्ही तळहात त्याच्या दोन्ही कानांवर गच्च दाबले. दादाचा डावा हात येऊन तिच्या हातावर बसला. आता त्याला बाहेर न्यायचं तर खुर्ची ढकलायला हवी, आणि खुर्ची ढकलायची तर कान सोडायला हवेत. तिनं एक हात सोडून बघितला, तर दादाचं सगळं अंग ताठ झालं. तिनं हात परत ठेवला. ती ओरडली, "अहो! कुणीतरी या हो!" शेजारच्या टकल्यानं तिच्याकडे बघितलं, तिला वाटलं कळलं त्याला, पण तो खुशीत हात उंचावून तिच्याबरोबर ओरडायला लागला. ती रडत होती आणि ओरडत होती, आणि भोवतालचे हजारो लोक नेमकं तेच करत होते. खांब्याचा सूर संपता संपत नव्हता. आयुष्यात पहिल्यांदा तिला वाटलं, सोड रे बाबा, सोड आता.

शेवटी गाणं संपल्यावर एका स्वयंसेविकेचं लक्ष गेलं. तिनं खुर्ची ढकलली आणि बारकी शेजारून कमरेत वाकून, भावाच्या कानांवर तळहात ठेवून, तशीच उतारावरून चालत गेली. दोन जाड दारं मागे बंद झाली. आवाज उरला तो फक्त भिंतीतून येणारा धपधप.

"आता पुन्हा आत सोडता येणार नाही," स्वयंसेविका ओशाळून म्हणाली. "नियम आहे. काका बरे आहेत ना?"

"मला माहीत नाही," बारकी म्हणाली.

स्वयंसेविका पाणी देऊन गेली. लांबच लांब रिकामा पॅसेज होता. बारकी खुर्चीपुढे जमिनीवरच बसली.

"कधीपासून रे दादा? पहिल्या दिवसापासून होतंय का असं? मी आवाज वाढवत होते तेव्हाही?"

दादानं मान हलवली. ती हो होती की नाही, कुणी सांगावं!

"दांड्यावर थापा मारत होतास, त्या मला थांबवायला होत्या का?"

"नंतर," दादा म्हणाला. आवाज दमलेला होता. तिनं त्याच्या गुडघ्यावर डोकं टेकलं आणि ती रडली. तो तिच्याकडे बघत नव्हता. पॅसेजच्या टोकाला सामानाची लिफ्ट होती. तिचं दार मिटायला यायचं, कशाला तरी अडायचं, मागे जायचं, पुन्हा मिटायला यायचं. दादाची नजर त्यावर खिळली होती. त्यानं डाव्या हातानं खुर्चीचं चाक फिरवायचा प्रयत्न केला, तशी खुर्ची एका बाजूला वळली. "नंतर!" तो म्हणाला आणि त्यानं बोट खाली दाखवलं, दाराच्या खाली. बारकी उठून गेली, वाकून बघितलं. दाराच्या खाचेत पुठ्ठ्याचा तुकडा अडकला होता. तिनं तो ओढून काढला. दार मिटलं आणि लिफ्ट खाली गेली. दादा मागे टेकला. त्या अख्ख्या वर्षात त्यानं सांगितलेली आणि तिला कळलेली अशी ती एकच गोष्ट होती.

घरी वहिनीनं दार उघडलं. बारकीनं सगळं सांगितलं, काही झाकून ठेवलं नाही. वहिनी 'मी म्हटलं नव्हतं का' असं म्हणाली नाही. म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं फक्त दादाचे बूट काढले.

हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी पुढच्या तपासणीत सांगितलं, की काही जणांना असं होतं. संगीत हे संगीत म्हणून कळेनासं होतं, नुसता कालवा होतो, भांडी आपटल्यासारखा. हळूहळू जाईल कदाचित. कदाचित नाहीही जाणार. बारकीनं विचारलं, "आम्ही काय करायचं?" डॉक्टर म्हणाले, "शांतता ठेवा."

रेकॉर्डी बारकीनं दोन खेपा करून आपल्या खोलीवर आणल्या. कपाटात त्यांच्या जागी वहिनीनं चादरी ठेवल्या. एका संध्याकाळी बारकीनं सुताराची रेकॉर्ड लावून बघितली. वाजत तर छान होती. "रंधा," ती मोठ्यानं म्हणाली. मग म्हणाली, "रंधा मारायलाही हातात काहीतरी लागतं." मग पुढचं दादाचं वाक्यही तिलाच म्हणावं लागणार, हे ध्यानात आलं आणि तिनं सुई उचलली. दुकानात चाकाचा आवाज ऐकतानाही आता तिला कधीकधी शंका यायची, दादाला हा कसा ऐकू येईल? दोन काचा जास्त घासल्या गेल्या.

रविवारी मात्र ती जायची. खालच्या मजल्यावरचा रेडिओ मोठा असला तर जाऊन बारीक करायला सांगायची. मग दोघं खिडकीशी बसायचे. बोलायला काही नव्हतं आणि ऐकायलाही. एकदा तिला दिसलं, की दादाच्या उजव्या हाताची नखं वाढून तळव्यात रुतायला लागली आहेत. मूठ उघडतच नव्हती, म्हणून वहिनीला तिथं कापता आलं नव्हतं.

"तुम्ही जरा पाठ टेका, वहिनी," ती म्हणाली. "मी करते."

तिनं कोमट पाण्याचं भांडं आणलं, त्याचा हात त्यात बुडवला आणि वाट बघितली. मग करंगळीपासून सुरुवात केली. बोट हळूच उचलायचं, धरून ठेवायचं, कापायचं. सोडलं की ते परत मिटायचं. दादा खिडकीबाहेर बघत होता. दुखत होतं की नव्हतं, ते तिला त्याच्या चेहऱ्यावरून कळेना, म्हणून ती आणखीच सावकाश कापत राहिली.